पालथा पडलेला गडी

बिद्रीच्या कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा पिराजी बलुगडे आपल्या रानाच्या वाटेवर उभा होता. पंधरा महिन्यांचा ऊस, तोही असा माजलेला की सकाळी आत शिरलेलं कुत्रं दुपारी बाहेर पडायचं. आज एकदाची तोड आली होती. ऊसतोड टोळीतली माणसं रानाच्या कडेला बसून चहा पीत होती, तिकडं डांबरीवर ट्रॅक्टर धडधडत होता, आणि डांबरीपासून रानापर्यंतच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकून कृष्णात उभा होता. ती फांदी ज्या कोयत्यानं तोडली, तो अजून त्याच्या हातातच होता.

कृष्णात भावकीतलाच. बांधाला बांध लागलेला, वयानं पिराजीपेक्षा चार महिन्यांनी थोरला, म्हणजे अठ्ठावन्नाचा. अंगावर बंडी, डोक्याला टापरी, आणि उभं राहण्याची तऱ्हा अशी की चार माणसांनी ढकललं तरी हलायचा नाही.

"फांदी उचल, कृष्णा," पिराजी म्हणाला.

"न्हाय उचलत."

"आमच्या बाऽच्या काळापासनं गाडी हितनंच जाती."

"जात हुती. गेल्या साली जाताना माझा पाइप फोडला. खोडव्याच्या दोन सऱ्या झोपवल्या."

"मग नवा पाइप दिला की आणून. धैर्यशील घिऊन आलता का न्हाय?"

"पाइप आलता. तू आलतास व्हय?"

खरं म्हणजे भांडण एवढंच होतं. पिराजी त्या वेळी गेला असता, उंबऱ्यात टेकून "चुकलं लेका" म्हणाला असता, तर कृष्णातनं चहा पाजून वर पाइपपण परत दिला असता. पण पिराजीनं पोराला पाठवलं होतं. वर्षभर कृष्णातनं ते पोटात ठेवलं आणि नेमकं तोडीच्या दिवशी बाहेर काढलं.

"तुझी काय आरती वोवाळाय यायची हुती?" असं म्हणून पिराजीनं पायानं फांदी सारली.

कोयता वर गेला. कृष्णातला मारायचंच होतं की नुसतं भिववायचं होतं, हे त्याचं त्याला ठाऊक. पण कोयता खाली आला तो पिराजीच्या आडव्या हातावर, आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उमटली. त्यापुढचं सगळं तुमचा तोंडातला पानाचा तुकडा चावून होईल एवढ्या वेळात झालं. पिराजीनं मनगट धरलं, पिळलं, कोयता सुटला आणि चार हात लांब सरीत जाऊन पडला. पिराजी खाली बसला, त्याचे दोन्ही पाय ओढून पट काढला, आणि कृष्णात उसाच्या भरल्या मोळीसारखा तोंडावर आपटला.

आणि मग पिराजी त्याच्या पाठीवर गेला. काखेतून हात घातला, गुडघा कमरेला लावला, आणि सगळा जोर लावून त्याला उलथायला लागला.

कोवळा ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला. तिकडं चहा पिणारी माणसंही वळून बघायला लागली.

कृष्णात ओरडला नाही. "हात गेला, पिऱ्या," एवढंच म्हणाला.

पिऱ्या. छत्तीस वर्षांत त्याला या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

*

पोलीस ठाण्यात पिराजीला बाकावर बसवलं. हाताला सरकारी दवाखान्यातली पट्टी, पायात चप्पल नाही, ती रानातच राहिली होती. धैर्यशील, त्याचा पोरगा, कंपनीतनं सुट्टी टाकून आला आणि भिंतीला टेकून फोन करत राहिला.

"त्यानं कोयता मारला सायब," पिराजी तिसऱ्यांदा म्हणाला. "मी माझा जीव वाचवला. ह्यात माझा गुन्हा काय?"

"त्याच्यावर पण घेतलाय गुन्हा," हवालदार लिहिता लिहिता म्हणाला. "पण त्याचा हात खांद्यातनं मोडलाय, कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात प्लेट घालायला नेलाय. तुमचा किती टाक्यांवर निभावला?"

"अकरा."

"मग. उंची किती?"

"पाच फूट दहा."

"ओळखीची खूण?" हवालदारानं मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं. "पैलवान काय हो?"

"हुतो."

हवालदारानं लिहिलं: दोन्ही कान मोडलेले.

पिराजीनं ते उलटं वाचलं आणि त्याचा हात आपसूक कानाकडं गेला. ते कान म्हणजे काय होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तालमीत वयाच्या अठराव्या वर्षी ते मोडले, तेव्हा वस्तादांनी पाठीवर थाप मारली होती आणि आईनं गावात बोलावून बोलावून बायकांना दाखवले होते. ज्याचे कान मोडले त्याच्या लग्नाला उशीर लागायचा नाही. आणि आज ते कान चोराच्या कपाळावरच्या डागासारखे कागदावर गेले.

ते कान मोडले कुणी? कृष्णातनंच. चार वर्षं ते दोघं एकमेकांची जोड होते. एका खोलीत, एका स्टोव्हवर. पहाटे उठून कुस्तीचा हौदा खणायचा, खोऱ्यानं लाल माती वर-खाली करायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मुरलेलं असायचं, आणि सूर्य उगवायच्या आधी त्या मातीचा जो वास उठायचा तो पिराजीला आजही कुठं ओली माती दिसली की नाकात यायचा. जोर झाले, बैठका झाल्या की दोघांनी मिळून बदाम वाटायचे. एकानं पाटा धरायचा, दुसऱ्यानं वरवंटा. संध्याकाळी गंगावेशीला जाऊन म्हशीखालचं फेसाळतं दूध, उभ्या उभ्या, मिशीला फेस लागेपर्यंत. घरून आलेली भाकरी एकाची संपली तर दुसऱ्याची सुरू. कुठलं लंगोट कुणाचं हेही कधी कधी कळायचं नाही, आणि त्यावरून होणाऱ्या भांडणांना सगळी तालीम हसायची.

"सही करा," हवालदार म्हणाला. "आणि खाली अंगठा पण."

*

जामीन झाल्यावरच्या रविवारी बाप-लेक उचगावला गेले. ॲडव्होकेट रूपाली कांबळेचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकांची रांग, आणि आतून कुकरच्या शिट्ट्या. वय असेल तिशीचं. पण तिनं कागद वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघितलं की वस्तादांनी बघितल्यासारखं वाटायचं.

"दाखवा मला मामा," ती म्हणाली.

"काय दाखवू?"

"कसं झालं ते. सांगून नको, करून दाखवा."

तिनं वडिलांच्या कॉटवरचा लोड आणून चटईवर ठेवला. हा कृष्णात. आपल्या चष्म्याचं घर पिराजीच्या हातात दिलं. हा कोयता. अठ्ठावन्न वर्षांचा पिराजी विजार सावरत लाजत लाजत उभा राहिला. लोडाशी भांडायचं म्हणजे काय. पण एकदा हात लागला आणि त्याची लाज गेली. मनगट असं धरलं. कोयता हितं पडला, त्यानं चष्म्याचं घर चार हातांवर भिरकावलं. हितं पट काढला. हितं त्यो पडला, पालथा.

"मग?"

"मग कब्जा घेतला." पिराजी लोडावर स्वार झाला.

"का?"

पिराजीला प्रश्नच कळला नाही. लोड धरल्या धरल्याच त्यानं मान वर केली. "का म्हंजे? पालथा हुता की."

"पालथा म्हणजे पडलाच होता ना?"

"पालथा गडी पडलेला नसतोय बाई. पाठ लागाय पायजे. दोन्ही खांदे मातीला. त्याबिगर निकाल न्हाय. पालथा सोडून कोण उठतंय?"

रूपालीनं पेन खाली ठेवलं.

"मामा," ती म्हणाली, "कायद्यात निकाल पालथ्यावरच लागतो. नीट ऐका. त्यानं कोयता उगारला, तुम्हाला अधिकार होता. मनगट पिळलंत, अधिकार होता. आपटलात, तिथपर्यंतसुद्धा तुमच्या बाजूनं भांडायला मी कुठंही उभी राहीन. पण कोयता सुटला, माणूस तोंडावर पडला, तिथं तुमच्या जिवाची भीती संपली. भीती संपली की अधिकार संपला. त्याच्यापुढं जे केलंत ते तुमचं तुम्ही केलंत."

"पण सुरवात त्यानं केली."

"सुरुवात कुणी केली एवढंच बघत नाहीत. थांबायला कुठं पाहिजे होतं तेही बघतात. गरजेपेक्षा एक बोट जास्त नाही."

पिराजी लोडावरून उतरला. त्याला चारचौघांत धोतर सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांत त्याला थांबायचं कुठं हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि भेटली ती ही पोरगी, जिनं जन्मात माती अंगाला लावली नव्हती.

"आता एक विचारते. उलथायच्या आधी त्याचा उजवा हात कुठं होता?"

"पसरला हुता."

"कुणीकडं?"

"म्होरं."

"कोयत्याच्या दिशेनं?"

पिराजीनं चटईकडं बघितलं. चष्म्याचं घर पुढंच पडलं होतं. "त्याच अंगाला."

धैर्यशील एकदम सरळ बसला. "म्हंजे कोयता घ्यायलाच चाललेला की. बाबा, सांगा की बाईंना."

"तुम्ही नका सांगू, मी त्यांना विचारतेय." रूपाली पिराजीकडं वळली. "मामा, तो कोयता घ्यायला हात टाकत असेल, तर तुमची भीती संपली नव्हती, अधिकारही संपला नव्हता. सगळी केस त्या एका हातावर आहे. नाहीतर हाड मोडल्याच्या कलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मी तुमच्या तोंडात शब्द घालणार नाही. आठवून सांगा."

चटईवर धैर्यशीलचा पाय बापाच्या पायाला लागला.

"हात पसरला हुता," पिराजी म्हणाला. "मी एवढंच सांगतो."

"मग तेवढंच लिहून घेते."

आता जे त्यानं सांगितलं नाही ते असं. तालमीत कृष्णातला घोरपड म्हणायचे. का, तर पालथा पडला की हा गडी दोन्ही हात पुढं फेकायचा, बोटं मातीत रोवायचा, छाती अशी चिकटवायचा की चार वस्ताद आले तरी उलथत नसे. याला माती धरणं म्हणतात. कित्येक संध्याकाळी पिराजी त्याच्या पाठीवर घाम गाळत बसलाय आणि खालून कृष्णात दमलेल्या आवाजात विचारतोय, "झालं का तुझं? का जेवूनच येतोस?"

त्या दिवशी सरीत कृष्णातचा हात गेला तो कोयत्याकडं नव्हे. कोयत्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बोटं फाकली आणि ढेकळात रुतली. पिराजीनं ती बोटं बघितली होती. खरं तर ती बोटं बघूनच त्याच्या अंगात काय शिरलं ते शिरलं. मधली छत्तीस वर्षं, बायका, पोरं, म्हशी, पाइप, सगळं गळून गेलं आणि खाली घोरपड राहिली.

*

ऊस काही केस मिटायची वाट बघत थांबत नाही. टोळी पुढच्या गावाला गेली. मुकादमानं मेहरबानी म्हणून चार माणसं मागं ठेवली. ती तोडून द्यायची, पण डांबरीपर्यंत वाहायचं घरच्यांनी. कृष्णातच्या वाटेवर तर पाय ठेवायचा नाही, म्हणजे ओढ्याच्या कडेनं वळसा. जाताना पाचशे पावलं, येताना पाचशे.

पिराजी आणि त्याची बायको चिमणाबाई, नऊ दिवस. पहाटे दहिवर पडलेलं असायचं, पाल्यानं गाल आणि मान चिरायची आणि घाम त्यात झोंबायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, एक हात मोळीला. पिराजीचा टाके घातलेला हात ठणकायचा म्हणून तो दुसरा हात लावायचा, आणि तो लावला की तोल जायचा. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतरणीला घसरून तो मोळीसकट बसला. चिमणाबाईनं आपली मोळी उतरवली नाही, तशीच उभी राहिली.

"उठा पैलवान," ती म्हणाली. "का मी बसू पाठीवर?"

तो हसला नाही. ती मग मोळी उतरवून उतरणीला टेकली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "धैर्या सांगत हुता. हाताचं."

"काय सांगत हुता?"

"की तुमी तेवढं बोलला की सुटलासा. मग का तोंड पाडून हिंडालासा?"

पिराजी पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला.

"त्यो कोयता घेत हुता का न्हाय?"

त्यानं घसरलेली मोळी परत बांधायला घेतली.

"म्हंजे न्हवता," चिमणाबाई म्हणाली. मोळी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. पाच-सहा पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "कृष्णातची बायडाबाई डेरीत भेटती रोज. त्याला सदरा घालाय अर्धा तास लागतोय म्हणं. तीच घालती. त्यो शिव्या देतोय आन् ती घालती."

पुढच्या खेपांना तो मुद्दाम मोळी जड बांधायला लागला. मान भरून यायची, डोळ्यांपुढं काजवे यायचे. ओझं असलं की डोक्यात दुसरं काही शिरत नाही असं त्याला वाटलं होतं. पण शिरायचंच. शिरायची ती सीपीआरमधली प्लेट नाही, कोर्ट नाही. शिरायचं ते खासबागेतल्या कुस्त्यांच्या मैदानाहून रात्रीची शेवटची गाडी चुकल्यावर दोघंजण रंकाळ्याच्या काठानं चालत निघाले होते ते. कृष्णात हरला होता त्या दिवशी, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून पिराजी चालत होता. कुठला खांदा? उजवाच.

*

खटला पुढच्या हंगामात उभा राहिला. तोपर्यंत पिराजीच्या हाताची रेघ पांढरी पडली होती. कागलच्या कोर्टात तो आरोपीच्या जागी बसला, मागच्या बाकावर धैर्यशील आणि चिमणाबाई. समोर कृष्णात साक्षीला उभा. पांढरा सदरा, टोपी. वाळला होता. कपाळाचा घाम पुसायला त्याचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून तो डोकंच हाताकडं खाली आणायचा. पिराजीनं ते एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही.

सरकारी वकिलानं त्याच्याकडून सगळं सांगून घेतलं. मग रूपाली उलटतपासणीला उठली.

"कोयता तुम्ही उगारला?"

"उगारला."

"मारला?"

"लागला त्याला. न्हाय म्हणत न्हाय मी."

"कोयता पडल्यावर तुमच्यापासून किती लांब होता?"

"आसंल चार हात."

"तुम्ही खाली पडल्यावर तुमचा उजवा हात पुढं पसरला होता. बरोबर?"

कृष्णातनं पिराजीकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, रागही नव्हता. कुस्ती लावण्याआधी सलामी देताना गडी बघतो तसं बघितलं.

"हुता पसरलेला."

"ज्या बाजूला कोयता होता त्याच बाजूला?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही कोयता घेत होता."

"न्हाय."

"मग हात कशाला पसरला?"

"माती धराय."

न्यायाधीशांनी मान वर केली. तरुण होते, मराठवाड्याकडचे असावेत. "माती? कशासाठी?"

"पालथं पडलं की धरत्यात सायब. उलथू नये म्हणून."

"तुमचं वय किती?" रूपालीनं विचारलं.

"एकोणसाठ चाललंय."

"एकोणसाठ वर्षांचा माणूस. हातातला कोयता सुटलाय, पाठीवर शत्रू बसलाय, समोर चार हातांवर कोयता आहे. आणि हा माणूस काय धरतो, तर माती?"

मागं कुणीतरी हसलं. त्याला बघून अजून दोघं हसले. कोर्टातला शिपाई तोंडावर हात धरून भिंतीकडं वळला. कृष्णातचं तोंड काळंठिक्कर पडलं. डावा हात त्यानं कठड्यावर आपटल्यासारखा ठेवला. ज्या गोष्टीसाठी तालमीत पन्नास पोरांनी त्याला घोरपड म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याच गोष्टीला इथं पंखे पुसणारा शिपाई हसत होता.

पिराजी उठला. "हसू नगासा. खरं सांगतोय त्यो."

"खाली बसा," रूपाली दबक्या आवाजात म्हणाली.

"आरोपीनं मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीश म्हणाले. "तुम्हाला तुमची पाळी मिळेल."

"पाळी येईस्तवर हे हसत्यात सायब."

"बसा."

तो बसला. धैर्यशीलनं मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. रूपालीनं कागद खाली-वर केले, मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आणखी काही विचारायचं नाही."

महिन्यानं त्याची पाळी आली. आदल्या दिवशी रूपालीनं फोनवर अर्धा तास समजावलं होतं. तुम्ही गप्प बसू शकता. एवढंच म्हणू शकता की हात पसरला होता आणि मी घाबरलो होतो. ते खोटं नाही. पिराजी सगळ्याला हं, हं म्हणाला होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "त्या हाताबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

"हात मातीलाच गेलता. कोयत्याकडं त्यानं बघितलंबी न्हाय. आमी एका तालमीचं. ते बोटं रोवणं मी डोळं झाकून ओळखतो."

"मग तुम्हाला माहीत होतं की आता धोका नाही?"

"हुतं सायब."

"तरी तुम्ही त्यांना उलथं केलंत."

बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. "त्यो कोयता घिऊन आला तवा मी भ्यालो हुतो," तो म्हणाला. "त्यो पालथा पडला तवा न्हाय. तवा मला बरं वाटलं. तालमीत गेल्यागत वाटलं. त्या बरं वाटण्यात त्याचा हात मोडला."

टायपिस्टनं त्याच्याकडं बघितलं, मग न्यायाधीशांकडं. न्यायाधीश म्हणाले, "तसंच घ्या. जसं म्हणाले तसं."

*

निकाल अकरा पानी आला. रूपालीनं त्याला व्हरांड्यात उभं करून सांगितला. कोयता पडेपर्यंत पिराजीनं जे केलं ते स्वतःच्या बचावासाठी, त्याला दोष नाही. तिथून पुढं बचाव नाही, गुन्हा आहे. पण आधी कधी गुन्हा नाही, वय झालंय, आणि खरं बोलला, म्हणून तुरुंग नाही. वर्षभर नीट वागायचा बाँड. मोडला तर मात्र आत.

"कृष्णात बलुगड्यांच्या कोयत्याचं वेगळं चालू आहे," ती म्हणाली. "त्यांनी पण कबूल केलंय, त्याचं पण असंच काहीतरी होईल. मामा, खरं सांगू? मी ही केस जिंकले असते."

"ठावं हाय मला."

"तुम्ही मला त्या दिवशीच मातीचं का नाही सांगितलंत?"

"तुमी लोड दिलासा बाई. लोडाला हात न्हवतं."

ती हसली आणि पुढच्या केसला पळाली. धैर्यशील मोटारसायकल काढायला गेला तो बापाशी एक शब्द न बोलता. चिमणाबाई त्याच्या मागं बसली आणि पिराजीला म्हणाली, "तुमी या एस्टीनं." तिच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, ते पदरामुळं दिसलं नाही.

कागलच्या स्टँडवर कृष्णात आणि बायडाबाई बिद्रीच्या गाडीची वाट बघत बसले होते. पिराजी आधी लांब उभा राहिला, रसवंतीच्या घुंगरांकडं बघत. मग लांब उभं राहून राहून पाय दुखायला लागले म्हणून जवळ आला आणि त्यांच्याच बाकाच्या टोकाला बसला. मध्ये बायडाबाई. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

एक गाडी आली, ती निपाणीची.

"कृष्णा," पिराजी म्हणाला. "चुकलं लेका."

कृष्णात समोरच बघत होता. "कशाचं? पाइपाचं का हाताचं?"

"दोनीचं."

"हं."

मग पिराजीच्यानं राहवेना. "पर माती कशाला धरलीस रं? सोडली असतीस तर अलगद उलथला असतास. हात राहिला असता."

कृष्णातनं पहिल्यांदा मान वळवली. "तुझ्याकडनं चीत हुतो व्हय मी?"

"झालास की."

"कोण म्हणतंय?"

"सगळ्यांनी बघितलं. टोळीनं बघितलं."

"टोळीला काय कळतंय. डावा खांदा टेकला न्हवता."

बायडाबाईनं कपाळाला हात लावला. "आता तरी गप बसा की दोघं."

पिराजी ते सगळं पुन्हा आठवत होता, सरी, ढेकळं, हाताखालचं तापलेलं अंग, तो आवाज. आवाज आला तेव्हा त्यानं हात सोडला होता. कृष्णात एका कुशीवर तसाच राहिला होता. मोडलेला खांदा मातीत, आणि डावा वीतभर वर.

"न्हवता टेकला," पिराजी म्हणाला.